पुलावर लेझीम बंद

मी एकदा लोखंडी पूल शेणानं सारवला होता. आता वय झालंय, तेव्हा हे छापून आलं तरी माझं लग्न मोडायची भीती नाही.

झालं ते असं. पाताळगंगेवर, खालापूरच्या खालच्या अंगाला, त्या काळी एक झुलता पूल होता. त्याची राखण माझ्या सासऱ्यांकडे. मी त्यांना मामंजी म्हणायची. पुलाच्या तोंडाशी दोन खोल्यांचं घर, तेच माझं सासर. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. नवरा कर्जतला रेल्वेच्या यार्डात, पंधरवड्यानं कधी घरी येणारा. म्हणजे सुनेला आवरणारं घरात कुणी नव्हतं, आणि सुनेचे हात तर शिवशिवत होते. पहिली दिवाळी आली. मी घर सारवलं, अंगण सारवलं, गोठ्याचा ओटा सारवला. तरी पाटीत शेण उरलं आणि अंगात जोर उरला. समोर पूल. लाकडी फळ्यांची लांबच लांब जमीन, दर दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर फट, फटीतून खाली पाणी दिसतंय. मला वाटलं, या घरात किती वर्षं बाईमाणूस नाही ते यावरून कळतं. एवढ्या भेगा पडल्या तरी कुणी लिंपल्या नाहीत!

पहाटे उठून कामाला लागले. फटी बोटानं दाबून दाबून भरल्या, वरून हात फिरवला. निम्म्या पुलाशी शेण संपलं. जिथं संपलं तिथं रांगोळीचं मोठं कमळ काढलं आणि कौतुकानं बघत राहिले.

झुलता पूल सपाट नसतो. दोन्ही काठांकडून उतरत येतो आणि मधोमध त्याचं पोट असतं. खाली ओलं शेण, वर पडलेलं दंव. पहिले आले ते पलीकडे पूजा सांगायला निघालेले भटजी. पहिलं पाऊल त्यांनी स्वतःच्या मनानं टाकलं, पुढचा सगळा प्रवास पुलाच्या मनानं झाला. बसल्या बैठकीला ते घसरत थेट पुलाच्या पोटात, माझ्या कमळावर येऊन थांबले. पळी-पंचपात्र त्यांच्याही पुढे गेलं होतं.

"सूनबाई," उठून धोतर झटकत ते म्हणाले, "पूल सारवलास, ते एक ठीक. पण कमळ लक्ष्मीनं आसनाला घ्यावं. माझ्या धोतराला कशाला?"

मामंजी ओट्यावरून सगळं बघत होते. मला वाटलं, झालं, आता माहेरी पोचवतात. ते उठले, वळचणीची खुरपी काढली, माझ्या हातात दिली.

"पोरी, ज्या फटी भरल्यास त्या समद्या मोकळ्या कर. फळीला फळी चिकटली की पाणी मुरतं नि लाकूड कुजतं. ती फट म्हंजे पुलाचं नाक हाय. नाक कोन लिंपतं का?"

सावकाश कर, मी संगं बसतो, असंही म्हणाले. आणि खरंच बसले. मी खरवडत होते, ते बोलत होते. माझी पुलाची शाळा ती अशी उकिडवी बसून सुरू झाली. पुढं मामंजींना दिसेनासं झालं, गुडघे गेले, तेव्हा त्या पुलाचं काम मीच केलं. बरीच वर्षं केलं. कागदावर नाव मात्र त्यांचंच. मी कुणाची नोकर नव्हते, त्यामुळे मला कुणी काढूनही टाकू शकलं नाही.

हे काम काय असतं ते आजच्या माणसाला सांगायला हवं, कारण आता पूल म्हणजे सिमेंट, आणि सिमेंटला कुणी रोज भेटायला जात नाही. आमचा पूल असा: दोन्ही काठांवर दोन-दोन दगडी खांब. खांबांच्या डोक्यावरून दोन साखळ्या या काठावरून त्या काठावर गेलेल्या. साखळी म्हणजे गुरं बांधायची नव्हे. लांब चपट्या लोखंडी पट्ट्या, टोकाला भोक, भोकातून मनगटाएवढी खीळ. साखळ्यांची शेवटची टोकं काठावर जमिनीखाली, दगडी कोठीत पुरलेली. साखळीपासून उभे गज खाली लोंबतात, गजांना आडव्या तुळया अडकवलेल्या, तुळयांवर फळ्या. म्हणजे सगळा पूल वलणीवरच्या लुगड्यासारखा टांगलेला. मामंजी म्हणायचे, "दगडी पूल उभा ऱ्हातो, त्याला कोन ईचारत नाय. ह्यो लोंबतो. लोंबणाऱ्याला रोज ईचारावं लागतं, बरा हायस का बाबा?"

विचारायचं म्हणजे लाकडी मोगरी घेऊन एकेका गजाला ठोकत जायचं. नीट ताणलेला गज खणखणीत बोलतो. सैल पडलेला भसाड्या आवाजात कुरकुरतो. सैल गजाची चाकी पान्यानं आवळायची, पण भर दुपारी नाही. उन्हात लोखंड लांबतं आणि पूल खाली उतरतो. त्या वेळी आवळलंत तर थंडीत तो अंग चोरून बसतो आणि दुसरंच काहीतरी तुटतं. पावसाच्या आधी साखळ्यांना डांबर, खिळींना करंजाचं तेल. कोठीत उतरून साचलेलं पाणी उपसायचं. तिथं एक धामण असायची. तिला मी ओव्हरसियर म्हणायची, कारण वर्षातून एकदाच दिसायची आणि सगळं ठीक आहे असं बघून निघून जायची.

हा पूल मुळात आमच्या नदीसाठी केलेलाच नव्हता, असं मामंजी सांगत. कुठल्याशा रुंद नदीसाठी म्हणून साखळ्या मागवल्या. त्या येईपर्यंत तिकडच्यांनी दगडाचा पूल बांधायचं ठरवलं. साखळ्या आगगाडीनं खोपोलीपर्यंत येऊन पडल्या त्या पडल्याच. गंज चढायला लागला तेव्हा कुणालातरी आमच्या नदीची आठवण झाली. नदी अरुंद, साखळी लांब. काही पट्ट्या गाळल्या, तरी माप जास्तच, म्हणून पुलाला हे एवढं पोट. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला घालावा तसा. खरंखोटं मामंजी जाणे, पण दुसऱ्याचा सदरा घालून आलेल्या या पुलावर माझा जीव होता, कारण मीही त्या घरात सासूबाईंच्याच लुगड्यात वावरत होते.

आधी पूल पावसाळ्यापुरताच लागायचा. उन्हाळ्यात नदी आटली की माणसं, गुरं, गाड्या दगडांवरून खुशाल पलीकडे जात आणि मामंजी ओट्यावर घोरत. मग खोपोलीला वीजघर झालं, डोंगरावरचं पाणी नळांतून खाली येऊन नदीत पडायला लागलं आणि पाताळगंगा बारमाही झाली. पुलाला बारा महिने काम लागलं. ठाकरवाडीची सोमी म्हणून एक म्हातारी मोळी विकायला यायची, ती तरीही पुलावर पाय ठेवायची नाही. लुगड्याचा काचा मारून, मोळी डोक्यावर तोलून पाण्यातूनच जायची. मी ओरडायची, "सोमीआजी, पूल कशाला बांधलाय?" ती मधूनच मान न वळवता म्हणायची, "तुला बसायला!" एकदा मात्र काठावर टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मला म्हणाली, "नदीचा उनाळा कुनी नेला गं?"

गिऱ्हाइकं म्हणाल तर माणसांपेक्षा म्हशींनी मला जास्त शिकवलं. म्हैस फटीतून पाणी बघते आणि पाय रोवून उभी राहते. मारून उपयोग नाही. मारलेली म्हैस मागं फिरते आणि मागच्या गाडीवर जाते. मी आमची म्हातारी चंद्री पुढं काढायची. ती रवंथ करत निवांत चालली की बाकीच्या मुकाट मागून. तालुक्यात पुढारी पुष्कळ झाले, पण पाण्याकडे न बघता पाण्यावरून नेणारी तीच एक.

या पुलाचे नेम थोडे होते. एका वेळी एकच गाडी. गुरं पळवायची नाहीत. आणि सगळ्यांत मोठा नेम म्हणजे पुलावर वाजवायचं नाही, नाचायचं नाही, पायात पाय मिळवून चालायचं नाही.

झोपाळा ज्यानं हाकलाय त्याला हे चटकन कळेल. एवढंसं पोरगं मोठ्या माणसाला झोपाळ्यावर आढ्यापर्यंत नेतं, ते काही जोरावर नव्हे. वेळ साधून एकेक धक्का देतं म्हणून. शंभर माणसं शंभर तऱ्हांनी चालली तर झुलता पूल सगळ्यांना सांभाळून घेतो. पण वीस जणांनी एकदम पाऊल टाकलं, परत एकदम टाकलं, तर तो त्यांच्याबरोबर नाचायला लागतो, आणि थांबायचं कधी ते पुलाला कळत नाही. मामंजींनी लहानपणी या पुलावरून पलटण जाताना पाहिली होती. पुलाशी आल्यावर साहेबानं ओरडून कदम मोडायला लावला. "फौज कदम मोडती, मग वरात कोन लागून गेली?" हे मामंजींचं ठरलेलं वाक्य. वरात या खांबाशी आली की वाजंत्री गप्प, त्या खांबापलीकडे गेली की पुन्हा सुरू. लोक कुरकुरत, पण ऐकत.

मी तर हा नेम असा काही पाळून घ्यायची की विचारू नका. कमरेला मामंजींचा पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, हातात मोगरी. पट्टा दोन वेढे बसायचा तरी घसरायचा. मग एक हात पट्ट्याला आणि एक हात वर करून मी मोठमोठ्या मिशीवाल्यांना थांबवायची. स्वतःला मी त्या वेळी फौजदाराच्या एकच पायरी खाली समजत होते. आता आठवलं की त्या पोरीच्या डोक्यावर एक टपली मारावीशी वाटते.

आणि नेमकं माझं माहेर पलीकडच्या काठावर, साजगावच्या अंगाला. आणि नेमके माझे बाबा लेझमीचे वस्ताद.

बाबांची लेझीम म्हणजे नुसता छुमछुमाट नव्हता. भाताची मळणी झाली की खळ्यावर गावातली पोरं उभी करायचे आणि उन्हं कलेपर्यंत दमवायचे. तीस जणांचे पाय एकदम पडले पाहिजेत. एकाचा मागं राहिला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. हलगी थांबली तरी पाय थांबता कामा नयेत, अंगातच ताल भिनला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका पोराला बोलले होते, "तुझं पाय तुझं नाय. त्ये माझं हायेत." असा माणूस आणि अशी त्याची मुलगी, एकाचं काम ताल जुळवायचं, दुसरीचं मोडायचं. मध्ये एक नदी होती तोवर ठीक चाललं.

माझा धाकटा भाऊ दामू, त्याचं लग्न चैत्रात ठरलं. मुलगी कुंभिवलीची, म्हणजे आमच्या काठची. वऱ्हाड पुलावरूनच येणार. मी आनंदानं नाचले असते, पण पुलावर नाचायची बंदी. त्यात अडचण अशी की त्याच महिन्यात मधल्या एका गजाचा कान, म्हणजे साखळीत अडकवायची कडी, तडकला होता. मोगरी मारल्याबरोबर मला कळलं होतं. खरे ओव्हरसियर येऊन बघून गेले. चांगले गृहस्थ होते. मुंबईहून नवा गज मागवला, तोवर जाड दोर आणि पाचर मारून तात्पुरता बंदोबस्त केला आणि मला समजावून सांगितलं: गाड्या बंद, माणसं मोकळी मोकळी सोडायची, घोळका नको. मी बाबांना निरोप पाठवला. बाबांचा उलट निरोप आला, की वस्तादाच्या पोराची वरात आहे, मयत नव्हे.

लग्नाच्या दिवशी सकाळी पलीकडून हलगी ऐकू यायला लागली. माझ्या अंगावर नवं लुगडं, नाकात नथ आणि कमरेला तो पट्टा. करवली आणि शिपाई एकाच अंगात. मामंजी माझ्या खांद्यावर हात ठेवून माझ्याबरोबर पलीकडे आले. पुलाच्या तोंडाला मी दोरी बांधली आणि उभी राहिले. आमच्या काठावर कुंभिवलीची माणसं वऱ्हाडाला सामोरी येऊन थांबली होती. सगळं त्यांच्यादेखत चाललं होतं.

गाड्या नदीपाशी सोडून वऱ्हाड पायी आलं. पुढं तीस पोरं, लाल फेटे, हातात लेझमी. त्यांच्या पुढं बाबा. मागं दामू मुंडावळ्या बांधून, आणि त्याच्याही मागं आज्या, मावश्या, लहान पोरीबाळी.

"शेवंते, दोरी सोड," बाबा म्हणाले.

"सोडते बाबा. आधी हलगी बंद करा. लेझमी खाली घ्या. एकेक जण मोकळं चाला."

"आज नाय."

"बाबा, माझ्या लग्नात तुम्ही ऐकलं होतं. तवा मामंजींनी सांगितलं, तुम्ही मुकाट आलात."

"तवा मी पोरीचा बाप व्हतो. मान खाली घातली. आज मी पोराचा बाप हाय, आज मान वर करून जानार. ती बघ कुंभिवलीची मान्सं. साजगावची लेझीम बघाय उभी हायेत." मग ते मामंजींकडे वळले. "व्याही, तुमी सांगा की हिला."

मामंजींनी डोळे नदीकडे लावले. दिसत काही नव्हतं, पण सोय चांगली होती. "मी काय सांगू व्याही? मी आता नावाचा धनी. पूल तिच्याकडं हाय."

इथं मी शहाणपणानं बोलायचं होतं. गजाचा कान दाखवायचा होता, हात जोडायचे होते. पण कमरेला बिल्ला होता ना! मी भर वऱ्हाडात म्हणाले, "बाबा, हे तुमचं खळं नाय. इथं माझं चालतं."

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोरी एका हातानं वर उचलली, खालून वाकून आत आले आणि म्हणाले, "हाण रं हलगी."

पहिल्या दोन रांगा पुलावर चढल्या. पाय असे पडत होते की दुसरीकडे कुठं मी टाळ्या वाजवल्या असत्या. थोडं पुढं गेले असतील, फळ्या खालून ढकलल्यासारख्या उठायला लागल्या. लाट येते तशी. ती पुढं गेली, त्या काठाला लागून परत आली, आणि परत येताना मोठी होऊन आली. मधला दोर करकरला. मी ओरडले, पण माझ्या ओरडण्यानं कुणी थांबलं नाही. बाबांचा हात वर गेला आणि तीसही जणांचे पाय जागच्या जागी थांबले. माझ्याआधी त्यांना कळलं होतं, हे मला कबूल करायलाच हवं. तालाचा माणूस तो. पायाखाली आणखी कुणीतरी ठेका धरलाय, हे त्याला कसं कळणार नाही?

"हलगी बंद," ते म्हणाले. "मागं या." आणि मग स्वतःशीच, "ह्यो बी शिकला की."

सगळे परत काठावर आले. बाबांनी पोरांना सांगितलं, लेझमी खांद्यावर टाका आणि साधं चालत जा. मी दहा-दहा सोडले. आणि इथं खरी गंमत झाली. त्या पोरांना साधं चालता येईना. इतकी वर्षं ज्यांच्या अंगात ताल मुरवला, ती पोरं चार पावलं वाकडीतिकडी टाकत आणि पाचव्या पावलाला सगळ्यांचे पाय बरोब्बर एकदम. पूल लगेच डोलायला लागे. मी ओरडायची, "मोडा, मोडा!" की बिचारी सगळी एकदम थबकत, एकदम दचकत, आणि पुन्हा एकदम निघत. एक जण रडवेला होऊन म्हणाला, "ताई, पाय ऐकत नाय गं!" तिसऱ्यांदा त्यांना मागं बोलावलं तेव्हा मुहूर्ताची काळजी सगळ्यांच्या तोंडावर दिसायला लागली. दामूच्या मुंडावळ्या घामानं कपाळाला चिकटल्या होत्या.

मागं आज्या बसल्या होत्या. त्यांच्यातली माझी एक चुलत आजी, गुडघ्यात वाकलेली, उठून पुलाकडे निघाली होती. तिचं एक पाऊल लांब, एक आखूड, मध्येच थांबून श्वास, मध्येच कुणालातरी शिवी. तिच्याकडे बघता बघता मला सुचलं. मी सगळ्यांत दांडग्या पोराला पकडलं आणि त्याचा हात आजीच्या हातात दिला.

"हिला पल्याड ने. तिच्या चालीनं चालायचं, तुझ्या नाय."

म्हातारीबरोबर ताल कोण धरणार? तो पोरगा लंगडत, थांबत, शिव्या खात पलीकडे पोचला आणि पूल जागचा हलला नाही. मग मी जोड्या लावल्या. एका लेझीमवाल्याला एक आजी. आज्या संपल्या तेव्हा मावश्या, मावश्या संपल्या तेव्हा परकरातल्या पोरी. पोरी उड्या मारत आणि मध्येच बसून फटीतून पाणी बघत, ते तर फारच उत्तम. दामू आपल्या बहिऱ्या आत्याचा हात धरून गेला. ती त्याला मोठमोठ्यानं विचारत होती, "आरं, लगीन कुनाचं हाय?"

हे सगळं कुंभिवलीकर बघत होते. साजगावची नावाजलेली लेझीम त्यांनी पाहिली ती अशी, म्हाताऱ्यांचे हात धरून, खाली मान घालून एकेक येणारी. त्यांच्यातला एक जण हसून म्हणाला, "ही वरात हाय का आजीबायांची जत्रा?" ते साजगावच्या काठापर्यंत ऐकू आलं.

शेवटी काठावर उरलो आम्ही तिघं. मामंजी, मी आणि बाबा.

"चला बाबा," मी हात पुढं केला. बिल्ला तोवर खूप जड झाला होता.

बाबांनी नवा जोडा काढून काखेत धरला, धोतर वर खोचलं आणि काठ उतरून पाण्यात शिरले. कमरेइतकं पाणी होतं. पुलाच्या बाजूबाजूनं, पुलाकडे न बघता, ते नदीतून पलीकडे गेले. मी वरून त्यांच्या बरोबरीनं चालत होते, मामंजींना धरून. पाण्यातसुद्धा त्यांचा पाय एका लयीत पडत होता.

लग्न नीट पार पडलं. वरबापाचं धोतर ओलं का, तर काही नवस असेल, असं लोकांनी आपलं आपण ठरवलं. मला बाबा एक शब्द बोलले नाहीत. मी वाकून पाया पडले तेव्हा डोक्यावर हात ठेवला, पण तो ठेवायचा म्हणून ठेवला.

नागपंचमीला मला न्यायला कुणी आलं नाही. गौरीला आलं नाही. आईनं दोनदा निरोप धाडला, "तू आपली निघून ये गं." मी विचारलं, "बाबांनी बोलावलंय का?" निरोप्या म्हणायचा, "नाय." मग मी म्हणायची, "मग नाय येत." मामंजी म्हणाले, "व्याही येक दगड नि तू दुसरा. मधी नदी हाय म्हून बरं, नायतर ठिणग्या पडल्या असत्या." बिल्ला मात्र मी त्या दिवसानंतर कमरेला बांधला नाही. खुंटीला टांगला. लोक तरीही थांबायचेच. तेव्हा कळलं, ते बिल्ल्याला कधीच थांबत नव्हते.

भाऊबीजेला दामू आला, पण चोरून आल्यासारखा. ओवाळून घेतलं, अर्धी करंजी खाल्ली आणि उठला.

"बाबा माझं काही विचारतात?" मी म्हणाले.

"नाय." मग दारात जोडा घालताना म्हणाला, "पर रागावत बी नाय आता. पोरांना खळ्यावर नुसतं बघत बसत्यात."

भातं कापून झाली. मुंबईहून नवा गज कधीच येऊन बसला होता. एका सकाळी मी मोगरी घेऊन गज ठोकत पलीकडच्या टोकाकडे चालले होते. खांबापाशी बाबा उभे दिसले. खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. ते पहिल्या फळीवर पाय ठेवत आणि काढून घेत. परत ठेवत, परत काढून घेत. मी जवळ गेले. माझ्याकडे न बघता त्यांनी नव्या गजावर बोटांनी टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि मान डोलावली.

एकटा माणूस पुलावरून कसाही गेला, अगदी लेझीम खेळत गेला, तरी पुलाला काही होत नाही. हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक असणार. मी मोगरी खाली ठेवली. मग ते म्हणाले,

"शेवंते, येकट्याचा बी माझा पाय तालातच पडतो बघ. उगा तुझा पूल पडंल. माझा हात धर नि तुझ्या घरी ने. तुला न्यायला आलोय."